डोमेन आणि डीएनएस सांभाळायचं कसं: मालकीपासून टीटीएलपर्यंत

साईट उघडत नाही, मेल येत नाही अशी तक्रार आली की पहिला संशय होस्टिंगवर जातो. बरेचदा सर्व्हर ठणठणीत असतो. डोमेन कुणाच्या खात्यात आहे, नेमसर्व्हर कुठले आहेत, अमुक रेकॉर्ड कुणी आणि कशासाठी टाकला, हे कुणालाच ठाऊक नसतं आणि घोळ तिथे असतो. डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था, आणि रेकॉर्ड म्हणजे तिच्यातली एकेक नोंद. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली डीएनएसची रचना मूळ तत्त्वांमध्ये आजही तशीच चालते आहे. ती शिकायला दोन संध्याकाळी पुरतात. आपल्या डोमेनची माहिती जागेवर ठेवायला मात्र शिस्त लागते, म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतो.

एक सूचना आधीच. इथे नावं, आकडे आणि कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. पॅनेलमध्ये आणि टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. दाखल्यासाठी घेतलेलं एक्झाम्पल डॉट कॉम हे डोमेन अशा दाखल्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे.

पायरी १: कोणतं खातं कुठे आहे ते शोधा

एका डोमेनमागे तीन वेगळी खाती असतात. पहिलं रजिस्ट्रारचं, म्हणजे ज्याला पैसे भरून नाव आपल्याकडे ठेवतो त्याचं. दुसरं डीएनएस होस्टचं, म्हणजे ज्याच्या नेमसर्व्हरवर आपले रेकॉर्ड बसलेले असतात त्याचं. तिसरं साईट आणि मेल चालवणाऱ्याचं. हे सगळं एकाच कंपनीकडून घेतलं असेल तर फरक कळतच नाही. मग कुणीतरी स्वस्त होस्टिंग घेतो, नव्या पॅनेलमध्ये ए रेकॉर्ड (साईटचा पत्ता सांगणारी नोंद) बदलतो आणि काहीच होत नाही म्हणून डोकं धरून बसतो. कारण नेमसर्व्हर अजून जुन्याच कंपनीचे असतात आणि नव्या पॅनेलमधला झोन (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी) कुणी विचारतच नाही.

म्हणून कोणताही रेकॉर्ड बदलायच्या आधी सध्याचे नेमसर्व्हर दाखवणारी ही कमांड चालवा:

डिग एनएस एक्झाम्पल डॉट कॉम

विंडोजवर डिग नसेल तर एनएसलुकअपला टाइप एनएस देऊन तेच उत्तर मिळतं. जी नावं येतील त्यांच्या पॅनेलमध्येच रेकॉर्ड बदलायचे.

आता मालकी. जमिनीच्या व्यवहारात आधी सातबारा बघतात, तसं इथे रजिस्ट्रंट, म्हणजे डोमेन ज्याच्या नावावर नोंदलंय तो, कोण आहे ते बघायचं. वेबसाईट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या जीमेलवरून, स्वतःच्या खात्यात घेतलेलं असतं, हा प्रकार आपल्याकडे सर्रास आहे. त्यात लबाडी असतेच असं नाही, तेव्हा तेच सोयीचं वाटलेलं असतं. पुढे तो नोकरी धरतो, नंबर बदलतो आणि नूतनीकरणाच्या सूचना कुणी उघडत नसलेल्या इनबॉक्समध्ये पडत राहतात. आयकॅन या डोमेनच्या जागतिक संस्थेच्या लुकअप पानावर रजिस्ट्रार, मुदत संपायची तारीख आणि नेमसर्व्हर दिसतात. डॉट इन असेल तर ते सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या लुकअपवर. मालकाचं नाव तिथे बहुधा झाकलेलं असतं, त्यामुळे ते खात्यात लॉगिन करूनच तपासावं लागतं.

खातं संस्थेच्या किंवा मालकाच्या नावावर असू द्या. डेव्हलपरला हवा तर मर्यादित प्रवेश द्या, बहुतेक मोठे रजिस्ट्रार तशी सोय देतात. संपर्काचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा कधीच नको. डोमेन संपलं की तो मेलबॉक्सही बंद होतो आणि ज्या पत्त्यावर सुटकेची लिंक यायची तोच मेलेला असतो. दुहेरी पडताळणी चालू करा, ट्रान्सफर लॉक लावून ठेवा.

पायरी २: नूतनीकरण ऑटोवर सोडून झोपू नका

डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण विसरली. हॉटमेलचं लॉगिन त्याच डोमेनवर अवलंबून होतं. मायकेल चेनी नावाच्या प्रोग्रामरने ३५ डॉलर स्वतःच्या खिशातून भरून ते सुरू करून दिलं.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट (ठरावीक पैसे आपोआप कापायची परवानगी) नियमांमुळे परदेशी रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं भारतीय कार्ड आपोआप कापलं जाईलच याची खात्री उरली नाही. पॅनेलमध्ये ऑटो-रिन्यू हिरवं दिसतं, पण बँक व्यवहार नाकारते. म्हणून महत्त्वाचं डोमेन एकदम तीन-पाच वर्षांसाठी भरून टाका आणि मुदत संपण्याच्या ६० आणि ३० दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावा, तीही दोघांच्या. पहिल्या वर्षाचा सवलतीचा भाव बघून डोमेन घेतलं असेल तर नूतनीकरणाचा भाव आत्ताच बघून ठेवा, तो बहुधा बराच जास्त असतो.

मुदत संपलीच तर डॉट कॉमचा क्रम असा आहे. आधी रजिस्ट्रार देईल तितकी, जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत. ती त्याच्या मर्जीवर असते आणि काही जण त्या काळात नाव लिलावातही काढतात. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ. त्यात डोमेन परत मिळतं, पण नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट दंड भरून. शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग नाव बाजारात मोकळं होतं.

रजिस्ट्रार बदलायचा विचार असेल तर तो मुदतीच्या तोंडावर करू नका. नव्याने घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन साधारण ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. लॉक काढणं, ऑथ कोड (ट्रान्सफरसाठीचा गुप्त शब्द) घेणं आणि मंजुरी यात आठवडा सहज जातो. ट्रान्सफरमध्ये नेमसर्व्हर आपोआप बदलत नाहीत. पण जुना रजिस्ट्रारच तुमचा फुकटचा डीएनएस होस्ट असेल तर डोमेन गेल्यावर तो झोन बंद करू शकतो. अशा वेळी आधी डीएनएस हलवा, मग डोमेन.

पायरी ३: झोनची प्रत आणि नोंदवही

पॅनेलमध्ये झोन एक्सपोर्टचं बटण असेल तर आजच फाईल उतरवून घ्या. नसेल तर स्क्रीनशॉट चालतील. बाहेरून कमांड मारून सगळे रेकॉर्ड मिळत नाहीत, कारण डीएनएसला नाव ठाऊक असेल तरच विचारता येतं. डीकेआयएमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) रेकॉर्डचं नाव सिलेक्टरवर, म्हणजे मेल सेवेने ठरवलेल्या एका खुणेच्या शब्दावर, ठरतं आणि सिलेक्टर काहीही असू शकतो. नव्या कंपनीच्या आपोआप स्कॅनमधून नेमके असलेच रेकॉर्ड निसटतात.

मग एक साधी स्प्रेडशीट करा. नाव, प्रकार, किंमत (म्हणजे रेकॉर्डमधलं उत्तर), टीटीएल (ते उत्तर इतरांनी किती वेळ धरून ठेवायचं तो आकडा), कुणी टाकला, कधी टाकला आणि कशासाठी. यातला शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. दोन वर्षांनी एखादा विचित्र टीएक्सटी (नुसत्या मजकुराचा) रेकॉर्ड समोर येतो आणि तो काढावा की ठेवावा हे कुणाला सांगता येत नाही. मग सगळे घाबरून तो तसाच ठेवतात. असे वीस-पंचवीस साठले की झोनला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.

मेलेले रेकॉर्ड नुसता पसारा नसतात, धोकाही असतात. एखाद्या क्लाउड सेवेकडे बोट दाखवणारा सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) आहे, पण त्या सेवेवरचं तुमचं खातं बंद केलंय. आता तेच नाव तिथे दुसऱ्या कुणी घेतलं तर तुमच्या सबडोमेनवर त्याचं पान उघडेल. सेवा बंद करताना आधी डीएनएस रेकॉर्ड काढा, मग सेवा.

पायरी ४: रेकॉर्ड टाकताना जिथे पाय घसरतो

ए रेकॉर्ड नाव आयपी पत्त्याला जोडतो, त्यात फार सांगण्यासारखं नाही. त्याचा भाऊ क्वाड-ए मात्र विसरला जातो. तो आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीसाठी. सर्व्हर बदलताना ए बदलला आणि जुना क्वाड-ए तसाच राहिला, तर ऑफिसच्या वायफायवर नवी साईट दिसते आणि जिओच्या मोबाइलवर जुनी. जिओचं नेटवर्क आयपीव्ही६ वर चालतं आणि फोन तोच पत्ता आधी धरतो. लोक मग तासभर ब्राउझरची कॅश साफ करत बसतात.

सीनेमचे दोन नियम पाठ असू द्या. ज्या नावावर सीनेम आहे तिथे दुसरा कोणताही साधा रेकॉर्ड राहू शकत नाही, आणि म्हणूनच मूळ डोमेनवर सीनेम चालत नाही, कारण तिथे एनएस (नेमसर्व्हर सांगणारा) आणि एसओए (झोनची मूळ माहिती देणारा) हे रेकॉर्ड असतातच. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम द्या. मूळ नावासाठी तुमच्या होस्टकडे अलायस किंवा फ्लॅटनिंगची (सीनेमऐवजी तेच काम करणारी) सोय असेल तर ती वापरा, नाहीतर सरळ ए रेकॉर्ड.

एमएक्स म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारा रेकॉर्ड. त्याची किंमत नेहमी सर्व्हरचं नाव असते. तिथे आयपी चालत नाही, आणि ते नाव सीनेमवर टेकलेलंही नको. प्राधान्याचा आकडा लहान तितका तो आधी. मेल दुसऱ्या कंपनीकडे हलवला की जुने एमएक्स काढून टाका. नाहीतर काही मेल अधूनमधून जुन्या डब्यात पडतात आणि पाठवणाऱ्याला तर ते पोचलेलेच दिसतात.

शेवटचा टिंब ही सगळ्यात बारीक भानगड. काही पॅनेल तुम्ही टाकलेल्या नावापुढे डोमेन स्वतः जोडतात. तुम्ही नावाच्या खान्यात ‘मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ असं पूर्ण टाकलंत तर तयार होतं ‘मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’. पॅनेल हिरवी खूण दाखवतं, रेकॉर्ड सापडत मात्र नाही. अशा पॅनेलमध्ये नावाच्या खान्यात फक्त ‘मेल’ टाका. किंमतीच्या खान्यातही तोच प्रकार होत असेल तर पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्या. सेव्ह केल्यावर यादीत नाव कसं दिसतंय ते एकदा वाचून बघा.

क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर आणखी एक. ज्या नावावर मेल सर्व्हर किंवा एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन) आहे त्याचा ढग करडा ठेवा. केशरी ढग म्हणजे रहदारी त्यांच्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, जाणार, आणि तो प्रॉक्सी वेबसाठी आहे.

पायरी ५: टीटीएल समजून घ्या, मग बदल करा

‘प्रॉपगेशनला २४ ते ४८ तास लागतात’ हे वाक्य प्रत्येक सपोर्टवाला ऐकवतो. प्रत्यक्षात रेकॉर्ड कुठेही पसरत जात नाही. जगभरच्या रिझॉल्व्हरांनी (आपल्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरांनी) जुनं उत्तर आपल्याकडे धरून ठेवलेलं असतं आणि टीटीएल संपला की ते नव्याने विचारतात. टीटीएल सेकंदांत असतो: ३०० म्हणजे पाच मिनिटं, ३६०० म्हणजे तास, ८६४०० म्हणजे दिवस.

हे डोळ्यांनी बघता येतं. गुगलच्या ८.८.८.८ या रिझॉल्व्हरला डिगने विचारा. उत्तराची ओळ साधारण अशी येते:

एक्झाम्पल.कॉम. २८७ आयएन ए १९२.०.२.१०

यातला २८७ हा उरलेला वेळ. काही सेकंदांनी परत विचारलंत की आकडा उतरलेला दिसतो. म्हणजे उत्तर कॅशमधून येतंय. मधेच तो पुन्हा वर गेला तर दचकू नका, मोठ्या रिझॉल्व्हरांची कॅश अनेक यंत्रांवर विभागलेली असते. आता तोच प्रश्न थेट तुमच्या नेमसर्व्हरला विचारा. तिथे दरवेळी पूर्ण आकडा येईल, कारण मूळ नोंद तिथेच आहे. नेमसर्व्हर नवं उत्तर देतोय आणि ८.८.८.८ जुनं, तर तुमचं काम झालंय, फक्त वाट बघायची. गुगल आणि क्लाउडफ्लेअर आपापल्या रिझॉल्व्हरची कॅश पुसायचं पान उघडं ठेवतात, घाई असेल तर तिथे डोमेन टाका. नेमसर्व्हरच जुनं उत्तर देत असेल तर मात्र वाट बघून काही होणार नाही, तुम्ही चुकीच्या पॅनेलमध्ये बसला आहात.

‘नाही’ हे उत्तरसुद्धा कॅश होतं. नवं सबडोमेन तयार करायच्या आधीच ब्राउझरमध्ये टाकून बघितलंत, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर रिझॉल्व्हर जपून ठेवतो, जास्तीत जास्त एसओए रेकॉर्डमधल्या शेवटच्या आकड्याइतका वेळ. आधी रेकॉर्ड टाका, मग उघडून बघा.

सर्व्हर बदलण्याचा क्रम मी असा ठेवतो. सध्याचा टीटीएल ८६४०० असेल तर बदलाच्या किमान एक दिवस आधी तो ३०० करायचा. ऐन वेळी कमी करून उपयोग नाही, कारण ज्यांनी उत्तर आधीच घेतलंय त्यांच्याकडे जुना दिवसभराचा आकडाच चालू असतो. मधल्या वेळात नवा सर्व्हर तयार करायचा आणि आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाईलमध्ये (डीएनएसच्या आधी बघितली जाणारी नाव-पत्त्यांची यादी) नवा आयपी टाकून साईट तपासायची. लॉगिन, फॉर्म, पेमेंट, सगळं. टीएलएस (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र टीएक्सटी रेकॉर्डच्या पडताळणीने आधीच काढून ठेवता येतं, म्हणजे बदलाच्या क्षणी ‘सुरक्षित नाही’ची पाटी झळकत नाही. झोनमध्ये सीएए रेकॉर्ड (प्रमाणपत्र कोण देऊ शकतं ते सांगणारा) असेल तर नव्या प्रमाणपत्र देणाऱ्याचं नाव त्यात आहे ना ते बघा. मग ए आणि क्वाड-ए बदला. जुना सर्व्हर लगेच बंद करू नका, त्याच्या लॉगमधली रहदारी आटेपर्यंत चालू ठेवा. काही रिझॉल्व्हर आणि जुनी ॲप टीटीएल जुमानत नाहीत. सगळं स्थिर झालं की टीटीएल परत ३६०० करा.

हे काम शुक्रवारी संध्याकाळी करू नका. मंगळवार-बुधवारची सकाळ उत्तम, सगळ्यांचा सपोर्ट जागा असतो.

पायरी ६: नेमसर्व्हर बदलताना

इथे चूक झाली तर साईट आणि मेल दोन्ही एकदम जातात. आधी नव्या होस्टकडे झोन पूर्ण उभा करा आणि नोंदवहीतल्या एकेका रेकॉर्डसाठी जुन्या-नव्या दोन्ही नेमसर्व्हरांना थेट विचारून उत्तरं ताडून बघा. ती जुळली तरच रजिस्ट्रारकडे नावं बदला. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत (सगळ्या डॉट कॉम नावांच्या मूळ नोंदवहीत) नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे आणि तो तुम्हाला कमी करता येत नाही. ‘४८ तास’ हा आकडा इथे मात्र खरा. तेवढा वेळ दोन्हीकडे झोन सारखाच ठेवा, मधे एखादा रेकॉर्ड बदलावा लागला तर दोन्हीकडे बदला.

डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही) चालू असेल तर क्रम आणखी जपायचा. रजिस्ट्रारकडे डीएस रेकॉर्ड असतो आणि तो जुन्या होस्टच्या किल्लीशी बांधलेला असतो. तो तसाच ठेवून नेमसर्व्हर बदललेत तर सह्या तपासणारे रिझॉल्व्हर ‘सर्व्हफेल’, म्हणजे उत्तर मिळत नसल्याची चूक, देतात. तुमच्या घरी साईट चालते, अर्ध्या लोकांकडे नाही, आणि पॅनेलमधले सगळे रेकॉर्ड तर बरोबर असतात. साधा मार्ग असा: आधी डीएस काढा, किमान एक-दोन दिवस थांबा, मग नेमसर्व्हर बदला आणि सगळं बसल्यावर नव्या होस्टकडून डीएनएसएसईसी पुन्हा चालू करा.

पायरी ७: मेलचे तीन रेकॉर्ड

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला निदान एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) किंवा डीकेआयएम लागतं. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड). छोट्यांनीही तिन्ही लावावेत, नाहीतर कोटेशन स्पॅममध्ये आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे.

एसपीएफचा रेकॉर्ड डोमेनवर एकच असतो. ऑफिसचा मेल एका कंपनीकडे, बिलं दुसऱ्या सेवेकडून. प्रत्येकाच्या मदत-पानावर ‘हा रेकॉर्ड टाका’ लिहिलेलं, आणि लोक दोन वेगळे एसपीएफ टाकून मोकळे होतात. दोन असले की समोरचा सर्व्हर चूक धरतो आणि दोन्ही निकामी. दोघांचे इन्क्लूड (त्या सेवेची यादी जोडणारा भाग) एकाच ओळीत आणा, शेवटी एकच ‘ऑल’. शिवाय एसपीएफ तपासताना डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारता येतं, आणि एकेका इन्क्लूडच्या पोटात आणखी तीन-चार असतात. सोडून दिलेल्या सेवांचे इन्क्लूड काढत राहा.

डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. चांगलं पॅनेल ती स्वतः तोडून जोडतं, वाईट पॅनेल गुपचूप शेपूट कापतं. टाकल्यावर शेवटची पाच-सहा अक्षरं मूळ किल्लीशी जुळवून बघा.

डीमार्क ‘नन’ (काहीच अडवू नका) या धोरणाने सुरू करा आणि अहवाल मागवा. तीन-चार आठवड्यांत तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते कळतं. अकाउंट्सवाल्यांनी परस्पर घेतलेली एखादी सेवाही तिथेच उघडी पडते. सगळे खरे स्रोत पास होऊ लागले की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’ (नाकारा). ज्या डोमेनवरून मेल जातच नाही त्यावर थेट रिजेक्ट लावा आणि एसपीएफमध्ये फक्त ‘उणे ऑल’ (कुणालाच परवानगी नाही) ठेवा.

डॉट भारत घेतलं असेल तर

२०१४ पासून देवनागरीत डॉट भारत डोमेन मिळतं, मराठी आणि कोकणीलाही. डीएनएसच्या आत मात्र ते ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या प्युनीकोड (इंग्रजी अक्षरांत बदललेल्या) रूपात बसतं. काही पॅनेल देवनागरी नाव घेतात, काही नाही, म्हणून ते रूप नोंदवहीत लिहून ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ बदललं की डोमेन वेगळं, हेही लक्षात असू द्या. मेलसाठी मी अजून तरी रोमन डोमेनच ठेवायला सांगतो, कारण देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत असे ऑनलाइन फॉर्म पावलोपावली भेटतात.

दहा-वीस डोमेन असतील तर

पॅनेलवरचं काम इथे पुरत नाही. गिटहबने तयार केलेलं ऑक्टोडीएनएस किंवा स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांचं डीएनएसकंट्रोल हे साधन घ्या. रेकॉर्ड फाईलमध्ये लिहायचे, फाईल गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवायची, आधी ‘काय बदलेल’ ते बघायचं आणि मगच चढवायचं. बदल कुणी, कधी, का केला ही नोंद आपसूक होते आणि स्प्रेडशीटची गरज उरत नाही. टर्मिनलची सवय नसलेल्या दोन माणसांच्या ऑफिसवर मात्र हे लादू नका, त्यांना स्प्रेडशीटच बरी.

जुनं डोमेन सोडताना

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं. त्यात आपल्या नागरी सहकारी आणि जिल्हा बँकाही आल्या. नवं नाव घेतलं की जुन्याचे पैसे भरायचा कंटाळा येतो. पण जुनं नाव सुटलं की ते कुणीही विकत घेऊ शकतो. मग त्याने एमएक्स लावायचा अवकाश, तुमच्या जुन्या पत्त्यांवर येणारा प्रत्येक मेल त्याच्याकडे जातो. त्यात पासवर्ड बदलायच्या लिंकही असतात. म्हणून जुनं डोमेन निदान काही वर्षं भरत राहा, साईट नव्या नावाकडे ३०१ ने (कायमचं वळवण्याच्या सूचनेने) वळवा आणि मेल दोन्ही पत्त्यांवर घ्या. त्या पत्त्यावर उघडलेली खाती, म्हणजे जीएसटी पोर्टल, नेट बँकिंग, फेसबुक पेज, खुद्द रजिस्ट्रारचं खातं, एकेक करून नव्या ईमेलवर हलवा. जुन्या डब्यात काय येतंय ते दर तीन महिन्यांनी बघा. वर्षभर कामाचं काहीच आलं नाही, तरच नाव सोडायचा विचार करा. बँक, दवाखाना, शाळा असेल तर तेव्हाही सोडू नका.